मदत हवी आहे: शाळेत वेल्डिंग शिकवायला माणूस कुठून आणायचा?

मंडळी, आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये आठवीपासून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ सुरू करायचा घाट घातलाय. शास्त्रज्ञ डॉ. कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथला हा विषय. आठवड्यातला एक दिवस पोरं हातानं काम करतात. जागा आहे, वेल्डिंग मशीनही एका माजी विद्यार्थ्यानं दिलंय. पण शिकवणार कोण? आयटीआय झालेली पोरं एका दिवसासाठी एमआयडीसी सोडून येत नाहीत. गावातला फॅब्रिकेशनवाला तयार आहे, हात सोन्यासारखा, पण स्वतः तोंडावर वेल्डिंगचं शील्ड न घेता नुसत्या काळ्या गॉगलवर भागवतो! त्याच्या भरवशावर तेरा वर्षांची पोरं कशी सोडू? कुणाच्या शाळेत चालू असेल तर सांगा, निदेशकाला मानधन किती आणि कशातून देता? मुलांच्या मापाचे चामडी हातमोजेही हवेत. आणलेले कोपराच्या वर जातात.