जर्मनीसाठी आधी ऑपॉर्च्युनिटी कार्ड घ्यावे, की नागपुरातूनच नोकरी मिळवून ब्लू कार्डसाठी अर्ज करावा?

धागाकर्ता (सॉफ्टवेअर अभियंता, मिहान)

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने तिथे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावल्यापासून आपल्याकडील अनुभवी अभियंत्यांचे लक्ष जर्मनीकडे वळले आहे. त्यातच काही सल्लागार प्रत्येकाला ऑपॉर्च्युनिटी कार्डाचा, म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्याच्या परवान्याचा, मार्ग सुचवू लागले आहेत, कारण १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या या कार्डाला नोकरीचा करार लागत नाही. पाच ते दहा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीने हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्डावर जास्तीत जास्त एक वर्ष राहून नोकरी शोधता येते, त्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते आणि निर्वाहाची सोय आधी दाखवावी लागते. २०२५ च्या दराने ती महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाला १३,०९२ युरो होते. आपल्या पैशात ही रक्कम तेरा लाखांच्या पुढे जाते, आणि ती खर्च होत असताना इथली नोकरी सोडलेली असते.

याउलट ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीवर मिळणाऱ्या वास्तव्य परवान्यासाठी, किमान सहा महिन्यांचा करार आणि ठरावीक पगार लागतो. २०२६ साठी ही मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे, तर माहिती तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी अशा मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांसाठी ती ४५,९३४.२० युरो आहे. जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षा न देता सोबत येता येते आणि लगेच पूर्णवेळ नोकरीही करता येते. कायमच्या वास्तव्याचा परवाना ए१ (अगदी प्राथमिक) पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांत आणि बी१ (मध्यम) पातळीवर २१ महिन्यांत मागता येतो. हे महिने ब्लू कार्डावरील नोकरीचे मोजले जातात, त्यामुळे शोधात गेलेले वर्ष त्यात धरले जात नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पदवीची. ऑपॉर्च्युनिटी कार्ड गुणांवर मिळते आणि त्या गुणपद्धतीत आपली पदवी भारतात मान्यताप्राप्त असणे पुरते, पण ब्लू कार्डासाठी ती साधारणपणे जर्मन पदवीशी समकक्ष ठरावी लागते. म्हणजे कार्ड मिळवून तिथे पोहोचलेल्या माणसाला करार हातात आल्यावर पदवीपाशी अडावे लागू शकते. ‘अनाबिन’ या जर्मन माहितीकोशात आपल्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (मान्यताप्राप्त संस्था) अशी नोंद आहे का आणि आपली पदवी समकक्ष म्हणून नोंदलेली आहे का, हे घरी बसून विनामूल्य पाहता येते. तशी नोंद नसेल, तर २०८ युरो भरून पदवीच्या तुलनेचे प्रमाणपत्र मागवता येते. सल्लागाराचे पैसे भरण्याआधी एवढे तरी प्रत्येकाने करावे, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद १ (यांत्रिकी अभियंता, हिंगणा एमआयडीसी)

आपले म्हणणे सॉफ्टवेअरवाल्यांना लागू पडते, सर्वांना नाही. आपल्या मुलाखती इंग्रजीत आणि व्हिडिओवर होतात. आम्ही यंत्रांच्या देखभालीत आणि उत्पादनात काम करतो. आमच्या क्षेत्रातील मध्यम आकाराच्या जर्मन कंपन्यांना माणूस यंत्रासमोर उभा राहिलेला पाहायचा असतो, आणि कारखान्यातील बोलणे जर्मनमध्येच चालते. कार्डावर प्रत्येक ठिकाणी दोन आठवड्यांपर्यंत चाचणीदाखल काम करण्याची मुभा आहे, आणि माझ्या मते या कायद्यातील आमच्यासाठी सर्वांत मोलाची तरतूद तीच आहे.

१३,०९२ युरो हे शुल्कही नव्हे. ती रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आपल्याच नावावर असते, दरमहा ठरलेला भाग हातात येतो आणि लवकर नोकरी लागल्यास उरलेले पैसे आपलेच राहतात. घराचा हप्ता चालू असलेल्याने असे जाऊ नये, हे मी मान्य करतो. पण अविवाहित, पस्तिशीच्या आतील आणि जर्मन शिकलेल्या माणसाला घाबरवून थांबवणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद २ (बँक अधिकारी, प्रतापनगर)

आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मुलगी पहिलीत आहे. ऑपॉर्च्युनिटी कार्डावर कुटुंबाला सोबत नेण्याची सोय साधारणपणे नाही, हे आम्हाला सल्लागाराच्या माहितीपत्रकात कुठेही वाचायला मिळाले नव्हते. एकाने वर्षभर तिथे शोध घ्यायचा आणि दुसऱ्याने इथे नोकरी, शाळा आणि सासू-सासऱ्यांची औषधे सांभाळायची, असा तो हिशेब होतो. त्यामुळे मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

प्रतिसाद ३ (मूळची नागपूरची, सध्या श्टुटगार्ट)

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली आहे. ब्लू कार्डाच्या पगारमर्यादेत न बसणाऱ्या पदवीधरासाठी कुशल कामगाराचा साधा परवानाही आहे, आणि ४५ वर्षांच्या आतील अर्जदाराला त्यात किमान पगाराची अट नाही. पगार मात्र तिथल्या कर्मचाऱ्यांच्या तोडीचा असावा लागतो. दुसरे असे, की मालकाची इच्छा असेल तर त्याला जर्मनीतील परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करता येते, आणि तिथून पूर्वसंमती मिळाल्यावर मुंबईच्या वाणिज्य दूतावासातील भेटीची वेळ तीन आठवड्यांच्या आत द्यावी लागते. करार होत असताना ही मागणी जरूर करावी. आपल्या ९० दिवसांच्या नोटीस पीरियडची भीतीही बाळगू नये, कारण तीन महिन्यांची नोटीस इथल्या कंपन्यांना परिचयाची आहे.

धागाकर्ता

हिंगण्याच्या मित्रांचा चाचणी कामाचा मुद्दा खरा आहे, परंतु चाचणीला बोलावणारा मालक आधी मिळावा लागतो आणि त्याचा शोध नागपुरातूनच सुरू करता येतो. बी१ पातळीचे जर्मन पूर्ण करून, जर्मन पद्धतीचा बायोडेटा करून आणि नोकरी चालू ठेवून काही महिने अर्ज पाठवावेत. इतके करूनही एकाही ठिकाणाहून उत्तर येत नसेल, तर अडचण बहुधा पत्त्याची, म्हणजे आपण नागपुरात असण्याची, नसून भाषेची, पदवीची किंवा अनुभवाची असते, आणि ती तिथे जाऊन आपोआप सुटत नाही. तिथे मात्र व्हिसाची मुदत संपत असते, आणि अशा दडपणाखाली माणूस कमी पगाराचा किंवा आपल्या क्षेत्राबाहेरचा करारही स्वीकारतो.

प्रतिसाद १ (यांत्रिकी अभियंता, हिंगणा एमआयडीसी)

पदवीची तपासणी आधी करावी, यावर माझे दुमत नाही आणि माझी पदवी मी तपासून घेतली आहे. पण उत्तर न येण्याचे कारण पत्ता नसतो, हे मला पटत नाही. ज्या कंपनीने आजवर एकही परदेशी अभियंता घेतलेला नाही, तिला व्हिसाची कागदपत्रे हेच मोठे ओझे वाटते आणि ती जवळच्या उमेदवाराकडे वळते. मी तिथे असलो, तर निदान समोरासमोर बोलून आणि काम करून दाखवून तिचा निर्णय बदलण्याचा प्रयत्न करू शकेन. बी१ चा निकाल हातात आला, की मी ऑपॉर्च्युनिटी कार्डासाठीच अर्ज करणार आहे.