मदत हवी आहे: इसेन्शियल ऑइल पहिल्यांदाच घेतेय, घरात लहान मूल आणि दम्याचा पेशंट आहे

नमस्कार मंडळी,

मी परभणीची. इसेन्शियल ऑइल, म्हणजे पानाफुलांतून काढलेलं सुगंधी तेल, घ्यायचं बरेच दिवस मनात आहे, पण काय घ्यावं तेच कळेना. ऑनलाइन बघावं तर डझनभर बाटल्यांची पेटी, गुलाबापासून लिंबापर्यंत सगळ्यांची किंमत एकच. इथं बाजारात विचारलं तर मेडिकलवाले निलगिरीचं आणि लवंगाचं तेल देतात, अत्तरवाले मोगरा पुढे करून "हेच ते, ओरिजनल आहे" म्हणतात.

घरची परिस्थिती आधी सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. मुलगी दोन वर्षांची आहे. सासऱ्यांना दमा, पंप चालू आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना रक्त पातळ करायची गोळी आहे. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो, त्यात दुपारची लाइट गेली की घर नुसतं तापतं.

मला फार काही नको. संध्याकाळी घरात हलका, प्रसन्न वास असावा, रात्री झोप नीट लागावी आणि सासूबाईंच्या मालिशच्या तेलात घालता येईल असं काहीतरी मिळावं. डास कमी झाले तर सोन्याहून पिवळं. एक मैत्रीण म्हणते कूलरच्या पाण्यात दोन-चार थेंब टाक. दुसरी म्हणते गरम पाण्यात टाकून पी, पोट साफ होतं. हे ऐकून मात्र मला भीतीच वाटली. पोरीच्या बाबतीत मला कसलाही धोका पत्करायचा नाही. पहिल्या दोन-तीन बाटल्या कुठल्या घ्याव्यात, खरं-खोटं कसं ओळखावं, हे ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, पिण्याचा विचार डोक्यातून काढूनच टाका. पुदिना खाणं वेगळं आणि पुदिन्याचं तेल पोटात घेणं वेगळं. किलोच्या किलो पाल्यातून चमचाभर निघतं ते हे तेल.

मुलीच्या दृष्टीने तीन गोष्टी घराबाहेर ठेवा: निलगिरी, पेपरमिंट आणि कापूर. सर्दी झाली की आपल्याकडे लेकराच्या गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी बांधतात, नाकाखाली निलगिरी लावतात. प्रेमानेच करतात, पण इतक्या लहान मुलांना पेपरमिंटमधल्या मेंथॉलच्या आणि निलगिरीच्या उग्र वासाने श्वासाचा त्रास होऊ शकतो. कापूर पोटात गेला तर झटके येतात. सासूबाईंना हे समजावून सांगा, त्या ऐकतील. निलगिरीची बाटली घरात असेलच तर कुलपात ठेवा, कारण काही मिली जरी मुलाने गिळलं तरी थेट दवाखाना गाठावा लागतो. उलटी करवू नका, बाटली सोबत न्या.

सासूबाईंसाठी विंटरग्रीनचं तेल कुणी सुचवेल, सांधेदुखीला ते फार चालतं. त्यांना ते नकोच. त्यात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट हे रसायन असतं, ते कातडीतून आत जातं आणि रक्त पातळ करायच्या गोळीचा परिणाम वाढवतं, रक्तस्राव होऊ शकतो. दुखऱ्या जागी चोळायच्या पुष्कळ बामांतही हेच असतं, म्हणून लेबल वाचा.

दम्याचं म्हणाल तर कुठलाही तीव्र वास त्रास देऊ शकतो, तो अस्सल तेलाचा असला तरी. सासऱ्यांच्या खोलीत डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत पसरवणारं उपकरण) नको. बाहेरच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, फार तर अर्धा तास. त्यांना खोकला आला की लगेच बंद. आणि त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा.

मी तुमच्या जागी असते तर सुरुवातीला एकच बाटली घेतली असती: लॅव्हेंडर. त्वचेला त्यातल्या त्यात सौम्य, वास शांत. झोपेला थोडीफार मदत होते, चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. बाटलीवर "लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया" हे झाडाचं नाव हवं. लॅव्हेंडिन नावाचं स्वस्त भावंड लॅव्हेंडर म्हणून खपवतात, त्यात कापराचा अंश जास्त असतो.

मिसळायला महागडं कॅरिअर ऑइल (हे थेंब ज्यात पातळ करतात ते साधं तेल) विकत घेऊ नका. घाण्याचं करडईचं किंवा तिळाचं तेल आपल्याकडे घरोघरी आहे, तेच उत्तम. १ मिलीत साधारण २० थेंब धरले तर ३० मिली तेलात ६ थेंब म्हणजे १ टक्का. सासूबाईंच्या वयाला एवढंच पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. मुलीच्या अंगाला साधं खोबरेल तेलच लावा.

प्रतिसाद

वरच्या ताईंशी सहमत. खरेदीचं तेवढं सांगतो.

सगळ्या बाटल्यांची किंमत सारखी असेल तर तो सेट घेऊच नका. किलोभर गुलाबतेलाला काही टन पाकळ्या लागतात, ते संत्र्याच्या तेलाच्या भावात येईलच कसं? "फ्रॅग्रन्स ऑइल" लिहिलेलं असेल तर तो कृत्रिम वास. मोगऱ्याचं अत्तर कपड्याला छान, पण ते इसेन्शियल ऑइल नव्हे.

घरी करता येणारी चाचणी: कोऱ्या कागदावर थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. लॅव्हेंडर, निलगिरी, संत्रं उडून जायला हवं. भज्याच्या कागदासारखा तेलकट डाग राहिला तर त्यात साधं तेल मिसळलंय. चंदन, वाळा ही जड तेलं, त्यांचा डाग राहतोच, त्यांना हा नियम लावू नका. कृत्रिम वासाची भेसळ मात्र यातून कळत नाही.

कूलरमध्ये टाकू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, प्लास्टिकला आणि वाळ्याच्या ताट्यांना चिकटतं. शिवाय वास घरभर, म्हणजे सासऱ्यांच्या खोलीतही. आंघोळीच्या बादलीतही तेच: तरंगणारा थेंब जसाच्या तसा अंगाला लागतो आणि आग होते. लिंबाचं दाबून काढलेलं तेल अंगाला लावून आपल्या उन्हात जाऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते.

धागाकर्ती

मनापासून आभार. विंटरग्रीनचं मला काहीच माहीत नव्हतं, सासूबाईंचा बाम आजच तपासते. निलगिरी वरच्या कपाटात कुलपात गेली. डासांसाठी गवती चहाचं तेल कसं? आणि लातूरकडे काही शेतकरी जिरेनियम या सुगंधी झुडपाचं तेल काढतात असं ऐकलंय. थेट त्यांच्याकडून घ्यावं का? आपल्या भागातल्या माणसाला चार पैसे मिळाले तर मला आनंदच आहे.

प्रतिसाद

ताई, आम्ही जिरेनियम लावतो, म्हणून लिहितो.

डासांचं आधी. गवती चहा आणि त्याच जातीच्या गवताचं सिट्रोनेला तेल थोडा वेळ काम करतात, मग वास उडतो. लेकरासाठी मच्छरदाणीच लावा. गवती चहाचं तेल कातडीला तापट आहे, अंगाला लावू नका.

आता जिरेनियम. टनभर पाल्याला किलोच्या आसपास तेल येतं, म्हणून भाव चढा असतो. टाकीत पाला दाबून भरतो, खालून वाफ सोडतो, ती थंड झाली की पाण्यावर तेलाचा हिरवट-पिवळा थर येतो. ताज्या तेलाला थोडा उग्र, कच्चा वास असतो, काही आठवड्यांत तो बसतो. तेव्हा पहिल्याच वासावर नाक मुरडू नका. गुलाबासारखा वास आहे, सासूबाईंच्या मालिशच्या तेलात १ टक्क्यापर्यंत चालेल. पण यानं गुडघेदुखी जाईल असं मी सांगणार नाही.

घेताना काढणीची तारीख विचारा आणि लॅबचा जीसी रिपोर्ट (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलात कुठले घटक किती आहेत याची तपासणी) मागा. जो नीट व्यवसाय करतो त्याच्याकडे असतो, कारण मोठे व्यापारी त्याशिवाय माल उचलत नाहीत. तेल गढूळ दिसलं तर पाणी राहिलंय, घेऊ नका. गडद काचेची बाटली सोबत न्या, प्लास्टिकमध्ये घेऊ नका. आणि सुरुवातीला १० मिलीच घ्या. आपल्या उन्हाळ्यात उघडलेलं तेल लवकर खराब होतं आणि जुनं तेल कातडीला जास्त झोंबतं. मार्चपासून बाटली फ्रीजच्या दारात ठेवली तरी चालेल, फक्त डब्यात बंद करून, मुलीचा हात पोचणार नाही अशा कप्प्यात.