कमी पैशातले ब्रिटिश सिनेमे: पाहण्याजोगे की नुसतं जुन्याचं वेड?

गिरगावचा_पडदा

परवा स्पष्टवक्ता यांनी लिहिलेलं वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पन्नास-साठच्या दशकातले ब्रिटिशांचे फुटकळ सिनेमे म्हणजे एक खोली, चार माणसं, एक टेलिफोन आणि तासभर बडबड, आणि ते पाहणारे आपण वेगळे दिसावं म्हणून पाहतात.

मी वेगळा दिसायला पाहत नाही हो. बँकेत एकतीस वर्षं काढली, म्हणून 'कॅश ऑन डिमांड' पाहिला. 1961चा, ड्रॅक्युलावाल्या हॅमर कंपनीचा. पण यात ना वाडा, ना रक्त. लहान गावातली बँकेची शाखा, नाताळ तोंडावर आलेला, आणि जवळजवळ सगळा सिनेमा त्या शाखेतच. पीटर कुशिंग मॅनेजर. शिस्तीचा इतका की चांगला शब्द तोंडातून निघत नाही; किरकोळ चुकीवरून हाताखालच्या पिअर्सनची नोकरी घालवायला निघालेला. मग आंद्रे मॉरेल विमा कंपनीचा तपासनीस म्हणून येतो, केबिनचं दार लावून घेतो आणि सांगतो, तुझी बायको-मुलगा आमच्या ताब्यात आहेत, आता मी सांगेन तसं करायचं. ओरडत नाही, पिस्तूल नाचवत नाही. उलट मॅनेजरपेक्षा तोच कर्मचाऱ्यांशी गोड वागतो. आणि शेवटी त्याच मॅनेजरला त्याच पिअर्सनपुढे गयावया करावी लागते.

माझ्या एका साहेबाने दहा रुपयांचा फरक सापडेना म्हणून मला रात्री साडेनऊपर्यंत बसवून ठेवलं होतं. घरी मुलगी तापाने फणफणलेली. फरक सापडला तो त्यांच्याच हातच्या व्हाउचरमध्ये. कुशिंगच्या कपाळावरचा घाम पाहताना मला तो माणूस आठवला, आणि पहिल्यांदाच त्याची थोडी कीव आली. एका खोलीतल्या चार माणसांनी हे केलं. याला बडबड म्हणू नका.

स्पष्टवक्ता

बँकेचं दुःख समजलं. पण एक नाणं खरं निघालं म्हणून गोणीभर खोटी नाणी चालत नाहीत. हा माल आला कुठून ते सांगा ना! 1927चा ब्रिटिश कायदा. हॉलीवूडने थिएटरं व्यापली म्हणून वितरकांना ब्रिटिश सिनेमांची सक्ती केली, साडेसात टक्क्यांपासून वाढत वीस टक्क्यांपर्यंत. लांबी मोजली, दर्जा नाही. मग अमेरिकन कंपन्यांनी काय केलं? फिल्मच्या फुटामागे एक पौंड खर्च या हिशेबाने कसेबसे सिनेमे उरकून घेतले आणि कोटा भरला. कापड मोजावं तसा सिनेमा मोजला! शेवटी 1938मध्ये किमान खर्चाची अट घालावी लागली. पुढे साठच्या दशकात मर्टन पार्क स्टुडिओत रहस्यकथा लिहिणाऱ्या एडगर वॉलेसच्या नावाने असे चाळीसहून जास्त सिनेमे निघाले. मी नऊ पाहिले आहेत. कुठला कोणता ते आज सांगता येणार नाही.

लांजेकर

कोट्याला नावं ठेवू नका! 2015मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमा संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दाखवा म्हटलं तर केवढा गहजब झाला, आणि लगेच ते बारा ते नऊ झालं. दुपारी बाराला कोण जातो? आम्ही लांज्याहून रत्नागिरीला गाडी काढून गेलो तर खिडकीवरचा म्हणाला, पाच तिकिटं तरी जाऊ द्या, मग शो लावतो. आम्ही तिघे. परत आलो. इंग्रजांनी आपल्या सिनेमासाठी कायदा केला तर तो इतिहास, आपण केला तर दादागिरी!

कातरकाम

लांजेकर, मी मराठी सिनेमांच्या एडिटिंगमध्ये अठरा वर्षं आहे, म्हणून बोलतो. स्पष्टवक्ता जे 1927चं सांगतायत ते मी माझ्या टेबलावर पाहिलंय. सरकारी अनुदानासाठी अ दर्जा, ब दर्जा डोळ्यांपुढे ठेवून केलेले सिनेमे. एका निर्मात्याने मला सांगितलं, लांबी दोन तासांच्या वर ने, कसंही कर. गाण्यात झाडं घातली मी. चार मिनिटं नुसती झाडं! त्याने माझे पैसे बुडवले ते वेगळंच. सक्तीने सिनेमा येतो, चांगला सिनेमा येत नाही.

लांजेकर

म्हणजे तुमच्या एका निर्मात्याने झाडं घातली म्हणून आम्ही गावात मराठी सिनेमा पाहायचाच नाही? पुण्या-मुंबईच्या लोकांना दर्जाची चिंता, आम्हाला शो मिळण्याची. तुमची झाडं तरी दाखवा आधी.

कातरकाम

शो मिळायला हवा, हे मी कुठे नाकारलं? मी जे म्हणालो नाही ते माझ्या तोंडी घालू नका. आणि पुण्या-मुंबईचा म्हणून हिणवताय, मी साताऱ्याचा आहे.

गिरगावचा_पडदा

कातरकाम, एवढं बोलताय तर ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेलचंही बोला. 1931 ते 1936 या काळात त्याने असेच फुटावर मोजलेले वीसहून जास्त सिनेमे केले. हात तिथेच बसला. त्याच्या 1948च्या 'द रेड शूज'ला सगळे नमस्कार करतात; तो दिग्दर्शक ज्या तालमीत घडला तिला कचरा म्हणायचं?

कातरकाम

पॉवेल कोट्यामुळे घडला नाही, कोटा असूनही घडला. त्याच तालमीतल्या बाकीच्यांचं काय झालं? पण ठीक, काम सतत मिळालं म्हणून हात बसला, हे मान्य करावं लागेल. मलाही झाडांनीच कट कुठे मारायचा ते शिकवलं.

न्यूकॅसलकर

तुमचं कोट्याचं भांडण वाचून कंटाळलो. स्वस्तातला सिनेमा म्हणजे फक्त बँक-दरोडे आणि स्कॉटलंड यार्ड का? मी इथे न्यूकॅसलला आलो तेव्हा एका आजींकडे खोली भाड्याने घेतली होती. पुढेही दर रविवारी त्यांच्याकडे जायचो. बापलेकीने 2015मध्ये सुरू केलेली टॉकिंग पिक्चर्स टीव्ही ही जुन्या सिनेमांची वाहिनी त्यांच्याकडे दिवसभर चालू. आजी कथा बघतच नसत. 'ही बस बघ, या नंबरने मी कामाला जायचे', 'असा कोळशाचा डबा आमच्याकडे होता.' पैसे नाहीत म्हणून सेट नाही, सेट नाही म्हणून खरी गल्ली. मोठ्या स्टुडिओच्या सिनेमात ती गल्ली सापडत नाही.

आणि 'सीकोल' पाहा, 1985चा. न्यूकॅसलच्या अंबर या सिनेमे करणाऱ्या गटाचा. लाइनमथच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर कोळसा येतो, तो माणसं घोडागाडी पाण्यात घालून गोळा करायची. गटाने त्यांच्या वस्तीत कॅराव्हॅन घेतली, राहिले, मग सिनेमा केला. घोडा पोटापर्यंत पाण्यात आणि माणूस फावड्याने काळं पाणी उपसतोय. मी तो किनारा जाऊन पाहिला. आता तिथे घोडागाड्या नाहीत. ते काम कसं दिसायचं ते मला सिनेमातच बघावं लागलं.

स्पष्टवक्ता

आता तुम्ही वेगळ्याच सिनेमांवर गेलात. अंबर, दिग्दर्शक बिल डग्लसची तीन सिनेमांची मालिका, यांना मी कधी फुटकळ म्हटलं? ते कलेसाठी केलेले. मी धंद्यासाठी उरकलेल्यांबद्दल बोलतोय. आजींच्या बसचं म्हणाल, तर बस बघायची असेल तर जुने फोटो आहेत.

न्यूकॅसलकर

फोटोतली बस थांबलेली असते. आजी चढताना कुठला दांडा धरायच्या ते त्यांनी मला सिनेमातल्या बसवर बोट ठेवून दाखवलं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. फोटो आहेत म्हणून हे सोडून द्या असं कृपा करून मला सांगू नका.

स्पष्टवक्ता

ते तसं लिहायला नको होतं. माफ करा.

लांजेकर

माझ्या शोचं कोणीच काही बोललं नाही.

स्पष्टवक्ता

लांजेकर, पाच तिकिटांची अट चुकीचीच. त्यावर वेगळं लिहा, मी येईन.

गिरगावकर, काल रात्री 'कॅश ऑन डिमांड' पाहिला. पहिली पंधरा मिनिटं माझंच बरोबर वाटत होतं. स्ट्राँगरूममध्ये दोघं बॅगा घेऊन उतरतात तिथून मात्र मी चहा गार होऊ दिला. पिअर्सनसमोरचा कुशिंग पुन्हा मागे नेऊन पाहिला, दोनदा. वॉलेसच्या नऊंबद्दल मत तेच आहे. दहावा कुठला पाहू ते सांगा, पण चांगला सांगा.