ॲल्युमिनियमच्या भांड्याला 'जर्मन' का म्हणतात?

मानवतकर
आमच्या परभणी जिल्ह्यात ॲल्युमिनियम हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात. घरात जर्मनचं भगुणं, जर्मनची परात. आजी तर 'जर्मल' म्हणायची. बायको नाशिकची, ती विचारायली की ही भांडी जर्मनीहून यायची का? मला काही सांगता येईना. दुसरं म्हणजे, आजी त्या भगुण्यात अंबाडीची भाजी कधी करू द्यायची नाही. ती का?

गोदाकाठ
जर्मन कंपन्या विकत असतील. त्यात काय एवढं!

भांडेवाला अंबाजोगाई
तसं नाही दादा. भांड्याचं दुकान वडलांपासून आहे आमचं, म्हणून थोडं लांबण लावतो.

जर्मन सिल्व्हर हा वेगळाच धातू. तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिलाफ, चांदी त्यात औषधालाही नाही. चीनमध्ये असा पांढरा धातू आधीपासून होता, त्याची नक्कल जर्मनीत १८२० च्या दशकात जमली, म्हणून ते नाव. आपल्याकडं तोवर भांडं म्हणजे पिवळं नाहीतर तांबडं. पांढरं असलं तर चांदीचं, आणि चांदी परवडत नसेल तर जर्मनचं. पुढं ॲल्युमिनियम आलं, तेही पांढरंच. गिऱ्हाइकानं धातू बघितला नाही, रंग बघितला आणि जुनंच नाव त्याला चिकटवलं. धंद्यातली जुनी माणसं असंच सांगतात, आणि मला ते पटतं.

ॲल्युमिनियम मुळात महागडी चीज होती. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघांनी, एकमेकांना न विचारता, विजेवर ते काढायची रीत शोधली. तेव्हा कुठं भाव उतरला. आपल्या देशात मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये त्याची भांडी घडवायला सुरुवात केली. म्हणजे 'जर्मन'चं माहेर शोधायचंच तर मद्रासला जा!

आता ते खपलं कशामुळं? कल्हईमुळं. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की ताक, वरण, आंबट काहीही कळकतं. कल्हईवाला दारात यायचा, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा. भांडं तापलं की आत नवसागर, भसकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशालाच वितळतं, त्यामुळं कापसाचा बोळा फिरवला की क्षणात आतून चांदीसारखं. बघायला मजा, पण पैसे मोजावे लागत, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. जर्मनला ही भानगड नाही. हलकं, स्वस्त, लवकर तापणारं. मजुरी करणाऱ्या घरात ते आधी शिरलं. आंदणात मात्र कुणी देईना. पोरीला जर्मन दिलं म्हणजे सासरी नाक मुरडलंच समजा. तो मान पितळेचा, नंतर स्टीलचा.

अंबाडीचं म्हणाल तर आजी बरोबर होती. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. आंबटानं तो विरघळतो आणि धातू पदार्थात उतरतो. रोज पाणी तापवून काळं पडलेलं भगुणं घ्या आणि त्यात चिंचेचं पाणी उकळा. आतून लख्ख होतं. तो काळपटपणा गेला कुठं? चिंचेच्या पाण्यात. भाजी असती तर पोटात.

औशाची सून
आमच्या सासूबाई हिंडालियमच्या कढईलाही जर्मनच म्हणतात. दुकानदारानं मात्र 'ताई, हे वेगळं आहे' म्हणून जास्तीचे पैसे घेतले. खरंच वेगळं असतं का?

भांडेवाला अंबाजोगाई
ॲल्युमिनियमच, पण मॅग्नेशियमसारखे धातू मिसळून कडक केलेलं. नाव हिंडाल्को कंपनीवरून आलं. जाड असतं, लवकर पोचे पडत नाहीत, म्हणून भाव जास्त. फसवलं नाही तुम्हाला. पण अंबाडीचा नियम त्यालाही लागू.

मानवतकर
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, टोमॅटोच्या वरणाचं काय? आमच्याकडं ते रोजच त्याच भगुण्यात.

भांडेवाला अंबाजोगाई
वरण शिजवा जर्मनमध्ये, फोडणी आणि टोमॅटो स्टीलच्या पातेल्यात. आणि उरलेलं रात्रभर जर्मनमध्ये ठेवू नका, आमच्या दुकानात भोकं पडलेली भगुणी मोडीला येतात ती बहुतेक अशीच.