अतिवृष्टीचे अनुदान यादीत 'जमा', पासबुकात मात्र नोंद नाही: मदत हवी आहे

गोदाकाठ: आमच्या गावातील जवळपास सर्वांचे २०२५ च्या अतिवृष्टीचे अनुदान आले, आमचे आले नाही. तलाठ्यांकडील यादीत रकमेसमोर 'जमा' असे दिसते. मात्र काल तिसऱ्यांदा पासबुक भरून आणले, तर शेवटची नोंद आठ रुपये व्याजाचीच आहे. हरभऱ्याची पेरणी खोळंबली असून कृषी सेवा केंद्रवाला उधारीला तयार नाही. तक्रार कोणाकडे करावी, हे कृपया लवकर सांगावे.

काळी माती: जिल्हा, क्षेत्र, पीक, सातबारा कोणाच्या नावे, जमिनीचे खाते सामाईक आहे की स्वतंत्र, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. सामाईक खाते असल्यास इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते आणि निम्मी प्रकरणे तिथेच अडकतात.

बांधावरचा: नुकसानीनंतर ७२ तासांत विमा कंपनीला कळवले होते का? नसेल तर पैसे विसरा. मी २०२३ मध्ये वेळेत कळवले आणि मला मिळाले.

काळी माती: प्रश्न अनुदानाचा आहे, पीक विम्याचा नाही. शिवाय खरीप २०२५ पासून एक रुपयातला विमा बंद झाला असून ज्यासाठी ७२ तासांत कळवावे लागे ती स्थानिक आपत्तीची तरतूदही वगळली आहे. या हंगामाची भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगावरून, म्हणजे निवडक शेतांत मोजलेल्या उत्पादनावरून ठरते. त्यामुळे ७२ तासांचा मुद्दा इथे लागू नाही.

बांधावरचा: नियम बदलले असतील, पण कळवून ठेवण्यात तोटा काय? आमच्याकडे न कळवणारे सगळे हात चोळत बसले.

गोदाकाठ: विमा भरलेलाच नाही. परभणी जिल्हा, १ हेक्टर २० आर, जिरायत सोयाबीन. सातबारा आईच्या नावे असून सामाईक नाही. वडील गेल्यावर वारसाची नोंद मागच्या उन्हाळ्यातच झाली. शेतकरी ओळख क्रमांक असल्यामुळे ई-केवायसी करावी लागली नाही. पासबुक आईचेच आहे, सोसायटीचे पीककर्ज मिळते त्या बँकेचे.

हुरडा: वारसाची नोंद झाली असेल तर पीएम किसानसाठी आईंचा नवीन अर्ज करून टाका. केंद्राचे आणि राज्याच्या नमो योजनेचे वर्षाला प्रत्येकी ६,००० मिळतील. फक्त लाडकी बहीण घेत असल्यास तिथले दरमहा १,५०० घटून ५०० होतात, हे लक्षात ठेवा.

काळी माती: त्यांनी हे विचारलेले नाही, परंतु आपण नकळत दुखण्यावरच बोट ठेवलेत. गोदाकाठ, आईंना लाडक्या बहिणीचे पैसे कोणत्या खात्यावर येतात? अनुदान पासबुक पाहून दिले जात नाही. आधार शेवटी ज्या खात्याला जोडले, तिथेच ते जाते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. आईंच्या मोबाइलवर ओटीपी येईल आणि बँकेचे नाव दिसेल.

गोदाकाठ: पोस्ट! २०२४ मध्ये पोस्टमनने खाते उघडायला ओसरीवर बसून अंगठा घेतला होता, तेव्हा पासबुक न देता क्यूआरचे कार्ड दिले होते. ते कार्ड देवघरात पंचांगाखाली सापडले, त्याला कुंकू लागले होते. आज पोस्टमनकडे चौकशी केली, तर १०,२०० रुपये केव्हाचेच जमा आहेत. हेक्टरी ८,५०० च्या दराने हिशेबही बरोबर बसतो. यादीत बँकेचे नाव छापायला काय हरकत होती, हे मात्र समजत नाही. रब्बीसाठी जाहीर झालेले हेक्टरी १०,००० रुपये अजून आलेले नाहीत. त्याआधी आधार जुन्या बँकेला जोडून घ्यावे का?

काळी माती: माझ्या मते घेऊ नये. लाडक्या बहिणीचे पैसेही मग तिकडेच वळतील. शिवाय पीककर्ज थकीत असेल, तर अनुदानातून वसुली करू नये असे आदेश असूनही काही शाखा खात्याला होल्ड लावतात, म्हणजे पैसे काढू देत नाहीत, आणि तो काढून घेण्यात पेरणी निघून जाते. पोस्टाचे खाते राहू द्या.

बांधावरचा: आणि पुढच्या खरिपाला विमा भरा.