भिंतीवरचं विज्ञान: चित्र सुंदर पण चुकीचं असेल तर लावावं का?

मेघना_ठाणे
घराचं रंगकाम झालं. लेक पाचवीत आहे, तिच्या खोलीतली पलंगासमोरची दहा फुटी भिंत मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. तिथे विज्ञानाची चित्रं लावायची होती. शनिवारी दोन दुकानं पालथी घातली आणि हात हलवत परत आले.

पहिलं चित्र जिभेचं. टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. खरं तर जिथे चवीच्या कलिका आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात. १९०१ सालच्या एका जर्मन निबंधातला आलेख पुढच्यांनी चुकीचा वाचला, तेव्हापासून हा नकाशा छापला जातोय. जिभेच्या टोकावर मिठाचा कण ठेवून बघा, खारट लागतं. दुसरं चित्र माकड पायरी-पायरीनं ताठ होत माणूस झाल्याचं. तिसऱ्यात डीएनएचा पीळ उलटा, म्हणजे नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांच्या विरुद्ध दिशेचा होता. चौथी आवर्तसारणी, तिच्यात ११३ व्या चौकटीत अजून ‘अनअनट्रियम’. त्या मूलद्रव्याला निहोनियम हे नाव मिळालं २०१६ साली!

माझं मत ठाम आहे. पुस्तकातली चूक बाई वर्गात दुरुस्त करतात. भिंतीवरचं चित्र मूल रोज झोपताना बघतं, ते डोळ्यांत बसतं आणि त्यावर कुणी बोलतही नाही. म्हणून चुकीचं एकही चित्र नको. घरात मात्र मी एकटी पडले आहे. नवरा आणि सासूबाई दोघांचंही म्हणणं, चित्र छान आहे ना, मग झालं. तुम्हाला काय वाटतं? आणि लावण्यासारखं काय आहे?

वसंत_गुरुजी
मेघनाताई, असहमत. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या वर्गात अणूचा तक्ता होता, मधे केंद्रक आणि भोवती ग्रहांसारखे फिरणारे इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन तसे फिरत नाहीत. मी तो तक्ता काढला नाही. सातवीच्या मुलांना सांगायचो, यात काय खोटं आहे ते शोधा. त्या एका तक्त्यावर दोन-दोन तास चर्चा रंगायची.

तुमचा नियम लावला तर सूर्यमालेचं एकही चित्र भिंतीवर येणार नाही. सूर्य एक मीटर व्यासाचा काढलात तर पृथ्वी ९ मिलिमीटरची, म्हणजे हरभऱ्याएवढी. आणि तो हरभरा १०७ मीटरवर ठेवावा लागेल. नेपच्यून तर सव्वातीन किलोमीटरवर. मुलांना घेऊन मी हे शाळेच्या मैदानापासून रस्त्यानं चालत केलं आहे. शनीपर्यंतच जाऊन परतलो, कारण शाळा सुटायची वेळ झाली. ते अंतर भिंतीवर मावत नाही म्हणून सूर्यमालाच लावायची नाही का?

मेघना_ठाणे
गुरुजी, तुमचे विद्यार्थी भाग्यवान. पण तिथे तुम्ही होतात. माझ्या लेकीच्या खोलीत रात्री नऊनंतर कोणी गुरुजी नाहीत. आणि दोन गोष्टींत फरक आहे. जागा नाही म्हणून अंतर आवळणं ही चित्रकाराची अडचण आहे, खाली ‘प्रमाणात नाही’ एवढं छापलं की माझी तक्रार संपली. पण आपण चिंपांझीचे वंशज आहोत असं दाखवणं हे चुकीचं विधान आहे. आपला आणि त्यांचा पूर्वज एक, आणि वाटा वेगळ्या होऊन साठ-सत्तर लाख वर्षं झाली. ही गोष्ट फांद्या फुटलेल्या झाडासारखी काढता येते, जिन्यासारखी काढायची गरजच नाही.

खगोलवेडा_नाशिक
ताईंशी बराचसा सहमत, पण एक पेच टाकतो. हबल अवकाश दुर्बिणीनं १९९५ साली टिपलेले गरुड तेजोमेघातले, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगातले, धुळीचे खांब सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या चित्रात हिरवा दिसतो तो हायड्रोजन. प्रत्यक्षात तो प्रकाश लाल असतो. गंधकाचाही लाल, मग दोन्ही वेगळे ओळखू यावेत म्हणून हायड्रोजनला हिरवा रंग दिला आणि ऑक्सिजनला निळा. वेब दुर्बिणीनं २०२२ मध्ये तेच खांब अवरक्त प्रकाशात टिपले, तो तर आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

हे खोटं आहे का? मला वाटतं नाही. प्रत्येक रंगाला अर्थ आहे, नकाशात डोंगर तपकिरी दाखवतात तसा. पण खाली ओळ नसेल तर तिथे गेल्यावर असंच दिसेल असं मुलीला वाटणार. माझी अट एवढीच, चित्रासोबत दोन ओळी हव्यातच.

आणि लावायचंच तर ताराचित्र लावा, पण आपल्या अक्षांशाचं. ऑनलाइन मिळणारे देखणे, काळ्या-सोनेरी छपाईचे नकाशे बरेचदा युरोपच्या आकाशाचे असतात. लंडनहून अगस्ती कधीच दिसत नाही, तो क्षितिजाच्या वर येतच नाही. आपल्याकडे फेब्रुवारीच्या रात्री दक्षिणेला तो ठळक झळकतो, व्याधाखालोखालचा सर्वांत तेजस्वी तारा. ठाण्यातून ध्रुव उत्तर क्षितिजापासून साधारण १९ अंशांवर दिसायला हवा. विकत घेण्याआधी एवढं तपासा. मुलगी गच्चीवर जाऊन ताडून बघू शकेल, हे दुसऱ्या कुठल्या चित्राबाबत जमतं?

रेषा_आणि_रंग
सगळे भिंतीला वही समजताहेत. मी चित्रकार आहे, मला हे पटत नाही. दहा फुटांवर बारा तक्ते ठोकलेत तर मूल एकही बघणार नाही, दवाखान्यात बसल्यासारखं वाटेल. एकच मोठं चित्र लावा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, बाकी भिंत मोकळी सोडा.

माझं मत जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलच्या जेलीफिशला. १८९९ ते १९०४ या काळात त्यानं सागरी जिवांची वगैरे शंभर चित्रपत्रं प्रसिद्ध केली. स्वामित्वहक्क केव्हाच संपले आहेत, कोणीही छापून घ्यावीत. मी तोवर किनाऱ्यावर वाळूत पडलेला जेलीफिशचा गोळाच पाहिला होता. ते चित्र बघितलं आणि त्या गोळ्याकडे परत वाकून पाहिलं. तपशील नंतर शिकता येतात. आधी बघावंसं वाटायला हवं.

मेघना_ठाणे
चित्र सुंदर आहे, वादच नाही. पण हेकेलनं निरनिराळ्या प्राण्यांचे भ्रूण मुळात आहेत त्याहून सारखे काढले, हा आक्षेप त्याच्या हयातीतच आला होता. जेलीफिशही त्यानं फार नीटनेटके, कंपासानं आखल्यासारखे काढले आहेत. जिवंत प्राणी इतका आखीव नसतो.

रेषा_आणि_रंग
हो, आखीव आहेत. पण तो प्राणी चहू बाजूंनी सारखा असतो ही गोष्ट त्यामुळेच एका नजरेत कळते. छायाचित्रात ती कळत नाही.

कुडाळकर
तुमचा वाद चालू दे, मी कामाचं सांगतो. बाहेरची भिंत असेल तर आधी ओल बघा. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत काचेच्या फ्रेममधलं चित्र आतून बुरशीनं काळं पडलं. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळते. झोपायच्या खोलीत फ्लेक्स नको, वास महिनाभर जात नाही. सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर, कागदी प्रिंट, वरून मॅट लॅमिनेशन. चकचकीत घेतलंत तर रात्री चित्राऐवजी ट्यूबलाइटच दिसेल. दोन फूट बाय तीन फुटांसाठी निदान ३६०० बाय ५४०० पिक्सेलची फाइल लागते. व्हॉट्सॲपवरून आलेली चालणार नाही. नासाच्या संकेतस्थळावरून मोठ्या फाइली फुकट उतरवता येतात.

अनघा_पी
माणसांचं काय? जीभ काढलेला आइनस्टाइन सगळीकडे असतो. तो फोटो १९५१ साली त्यांच्या ७२ व्या वाढदिवसाला काढलेला. त्यातून मुलीला विज्ञानातलं काय कळणार? त्यापेक्षा जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी लावा. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, मग एक वर्ष अटीवर घेतलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. हे दहा वर्षांच्या मुलीला माहीत हवं.

वसंत_गुरुजी
माहीत हवंच. पण तसबीर नको, असं माझं आग्रहाचं मत. शाळेत थोरांच्या तसबिरी असतात, जयंतीला हार पडतो, वर्षभर त्यांच्याकडे कोणी बघत नाही. गोष्ट सांगा, भिंतीवर त्यांचं काम लावा.

अनघा_पी
गुरुजी, हे पुरुषांना म्हणायला सोपं आहे. माझ्या लहानपणी प्रयोगशाळेच्या भिंतीवर सगळ्या दाढ्याच होत्या. एक जरी बाईचा चेहरा असता तर मला फरक पडला असता. पण काम लावायचं म्हणत असाल तर ‘फोटो ५१’ लावा. मे १९५२, शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतलं डीएनएचं क्ष-किरण चित्र. काळ्या ठिपक्यांची फुली, बाकी काही नाही.

रेषा_आणि_रंग
एवढी चर्चा झाली. मेघना, लेकीला विचारलंस का?

मेघना_ठाणे
नव्हतं विचारलं. काल रात्री सगळी चित्रं लॅपटॉपवर दाखवली. खांब ‘मस्त’ म्हणाली, जेलीफिशला ‘झुंबर’. फोटो ५१ वर थांबली. हे काय आहे, फुलीच का, कुणी काढलं, यातून पीळ कसा कळला, असं अर्धा तास चाललं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता आलं नाही, आज वाचून काढते आहे. मग दुकानातल्या उलट्या पिळाच्या चित्राचा फोटो दाखवला. तिनं टूलबॉक्समधला स्क्रू आणला, उभा धरला. पुढून बघताना आटे डावीकडून वर उजवीकडे चढतात, चित्रात उलटं. चूक तिनंच शोधली. गुरुजी, इथे तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय.

तरी जिभेचा नकाशा घरात येणार नाही. फोटो ५१ मोठा, शेजारी आपल्या अक्षांशाचं ताराचित्र, आणि खांबांखाली दोन ओळी ती स्वतः लिहिणार आहे. झुंबराचं अजून ठरत नाही.

कुडाळकर
फोटो ५१ ला मॅटच. काळा रंग चकचकीत कागदावर फार वाईट दिसतो.