एक लँड, सात वर्षं: हा आळस नाही

माहुलीचा पूल
सांगलीच्या एका मित्राची पोस्ट परवा वाचली. "हाँगकाँगच्या डिस्नेलँडनं फ्रोझन सिनेमाचा विभाग काढतो म्हणून 2016 ला सांगितलं आणि उघडला 2023 ला. सात वर्षं! तेवढ्यात आमच्याकडं साखर कारखाना उभा राहून, बुडून, परत निवडणूक लागते. आळशी लेकाचे." खाली टाळ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण दोन दिवस डोक्यात किडा वळवळतोय.

दादा, लँड म्हणजे पार्कातला एका गोष्टीवरचा अख्खा विभाग, एक पाळणा नव्हे. पुसेगावच्या यात्रेत आठवड्यात आकाशपाळणा, ब्रेकडान्स, मौत का कुआँ सगळं उभं राहतं, कारण ते उचलून पुढच्या जत्रेला न्यायचं असतं. लँडमध्ये डोंगर, घरं, वास, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबासुद्धा एकाच गोष्टीतला लागतो, आणि खाली गटारं, वीज, कामगारांचे रस्ते. हे सगळं शेजारी पोरं आइस्क्रीम खात फिरत असताना करायचं. राईड माणसांविना शेकडो वेळा फिरवून बघायची, मग माणूस बसवायचा.

घाई केली की काय होतं तेही बघून झालंय. कॅलिफोर्नियातलं पहिलं डिस्नेलँड साधारण वर्षभरात उभारून 17 जुलै 1955 ला उघडलं. डांबर इतकं ताजं की बायकांच्या टाचा रुतल्या, आणि प्लंबरांच्या संपामुळं प्यायच्या पाण्याचे नळ कोरडे. त्यानंतर पहिली नवीन लँड, न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर, आली 1966 ला. अकरा वर्षांनी. त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही.

खणभागकर
तो मित्र मीच. नाव घ्यायला लाज वाटली व्हय?
पुलावरून उपदेश सोपा असतो. अमेरिकेतल्या ऑर्लँडोचा एपिक युनिव्हर्स पार्क बघा. घोषणा 2019, मध्ये कोरोनात काम बंद, तरी 22 मे 2025 ला दार उघडलं. एक लँड नाही, पाच. अख्खा पार्क सहा वर्षांत आणि तुमचे हाँगकाँगवाले एका लँडला सात. आता सांगा गटारं आणि वास.

माहुलीचा पूल
ते मोकळ्या जागेवर बांधलं हो. आत गिऱ्हाईक नव्हतं. राहतं घर पाडून बांधणं आणि एन.ए. प्लॉटवर बांधणं एकच का? शिवाय त्या सात वर्षांत हाँगकाँगनं पार्कातला जुना किल्लासुद्धा नव्यानं उभारला, 2020 ला. ते सोयीस्कर विसरलात.

कोरेगावचा घेवडा
राहतं घर पाडून बांधणं म्हणालात म्हणून आठवलं. पुणे-सातारा रस्त्याचं सहापदरीकरण 2010 ला सुरू झालं. पोरगं तेव्हा बालवाडीत होतं, आता कॉलेजात आहे आणि मी अजून वळणरस्त्यानंच त्याला सोडायला जातो. काम अर्धं, टोल मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण. खेड-शिवापूरला द्या, आनेवाडीला द्या. डिस्नेवाले निदान पत्र्याच्या कुंपणावर छान चित्रं तरी काढतात.

खणभागकर
घेवडाशेठ, हेच तर म्हणतोय! अर्धा पार्क, पूर्ण तिकीट. हाँगकाँगचं 2005 ला उघडलं तेव्हाच लहान आहे म्हणून बोंब होती. मग 2011, 2012, 2013 ला एकेक छोटी लँड चिकटवली. म्हणजे आधीच कळत होतं ना कमी पडतंय? तेव्हाच का नाही बांधलं?

विश्रामबागवाली
लँड-बिंड राहू द्या. खरा प्रश्न गेटवर असतो. मागच्या मे महिन्यात आम्ही एका पार्कात गेलो, नाव घेत नाही. सांगलीतनं पहाटे तीनला निघालेलो, सासूबाईंना साखरेचा त्रास, म्हणून पिशवीत अर्धा किलो भडंग. गेटवरच्या पोरानं पिशवी उपसली, भडंग काढलं आणि म्हणाला, बाहेरचं खाणं चालत नाही, टाकून या. टाकून या! लसूण घालून मी हातानं केलेलं. सासूबाई तिथंच खाली बसल्या, म्हणाल्या मी संपवूनच आत येते. पाऊण तास आम्ही गेटबाहेर भडंग खाल्लं. आत सामोसा केवढ्याला होता ते सांगितलं तर तुमची लँड विसराल.

मिरज जंक्शन
ताई, साखरेचा त्रास असलेल्या माणसाला चुरमुरे? असो. भडंग म्हणाल तर जयसिंगपूरचं. सांगलीत मिळतं ते तिखट लावलेले चुरमुरे.

विश्रामबागवाली
अहो, दर अर्ध्या तासानं काहीतरी तोंडात टाकायला डॉक्टरांनीच सांगितलंय. सासू माझी की तुमची? आणि जयसिंगपूरचं भडंग तेलानं इतकं थबथबलेलं असतं की पाकिटावरचं नाव पुसून जातं.

मिरज जंक्शन
नाव पुसलं तरी चवीवरून कळतं. तुमच्याकडं नाव वाचावं लागतं.

शाहूपुरीचा जावई
सातारकर म्हणून सांगतो, कंदी पेढे न्या. खिशात मावतात, वास येत नाही, गेटवर कुणी विचारत नाही.

खणभागकर
माझ्या पोस्टचं पार वाटोळं केलंत.

शाहूपुरीचा जावई
बरं, मुद्द्यावर बोलतो. आपल्याकडंच बघा. खोपोलीचं इमॅजिका 2013 ला सुरू, 2014 ला वॉटर पार्क, 2016 ला स्नो पार्क. झपाझप वाढ. पुढं कर्जाचा डोंगर, आणि 2022 ला मालपाणी समूहाकडं. उलट वंडरला: कोची 2000, बंगळूर 2005, हैदराबाद 2016, भुवनेश्वर 2024. कासवाच्या चालीनं, पण चालतंय. आता बोला.

खणभागकर
जावईबापू, कर्ज मुळात मोठा पार्क उभारायलाच घेतलेलं होतं. वाढीचा त्यात दोष काय? आणि वंडरला दर वेळी नवीन गावात नवीन पार्क काढतं, जुन्यात लँड जोडत नाही. आंबा विचारला तर फणस दाखवता.

शाहूपुरीचा जावई
हं. फणसाचं मान्य. तुमचा सूर मान्य नाही.

माहुलीचा पूल
मीही एक मान्य करतो, दात-ओठ खात. हाँगकाँगमध्ये सरकारचा निम्म्याहून जास्त हिस्सा आहे, पैसा विधिमंडळातून मंजूर व्हावा लागतो. तेव्हा सातांतली काही वर्षं वीट रचण्यात नाही, कागद हलवण्यात गेली असणार. पण कागद हलवणं म्हणजे आळस नव्हे. सांगलीकरांनी तरी असं म्हणू नये, 2019 च्या पुराचे पंचनामे आठवा.

खणभागकर
पुरावर जाऊ नका. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलेलं, घरात आई होती, वरच्या मजल्यावरून होडीत उतरवली. ते पंचनामे आणि तुमचे खेळण्यातले किल्ले एका ओळीत लिहिताना हात कसा चालला?

माहुलीचा पूल
चुकलं. वाक्य मागं घेतो. बाकी पोस्ट तशीच राहू द्या.

खणभागकर
ठेवा. मी पण "आळशी" मागं घेतो, "संथ" ठेवतो. आणि माझ्या पोराला 2030 मध्ये जे दिसणार आहे त्याचं तिकीट मी आज काढणार नाही.

कोरेगावचा घेवडा
2030 पर्यंत खंबाटकीतला नवा बोगदा बघायचा आहे, तेवढंच माझं डिस्नेलँड.

मिरज जंक्शन
सगळे मिटवायला लागले म्हणून विचारतो. भडंगाचं काय ठरलं? जयसिंगपूर हे सांगलीचंच की. बारा-पंधरा किलोमीटर.

विश्रामबागवाली
जयसिंगपूर कोल्हापूर जिल्ह्यात आहे.